सायकलीवरील ओझे आणि फ्रेंच घाट
सामानासह दूरच्या प्रवासाला योग्य सायकल कोणती, या प्रश्नाला फ्रान्समध्ये जे उत्तर मिळाले, त्याचे मूळ सेंत-एतियेन या औद्योगिक शहराभोवतीच्या घाटांत आहे. ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द विवी (१८५३–१९३०) यांनी १८८७ मध्ये नियतकालिक सुरू केले आणि एकाच गिअरवर चढ चढणे हा शक्तीचा अपव्यय आहे, हे स्वतःच्या दीर्घ प्रवासांच्या आधारे आयुष्यभर मांडले. तूर द फ्रान्सच्या व्यावसायिक संघांना मात्र डिरेलर, म्हणजे साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, १९३७ पर्यंत निषिद्ध होती; पर्यटक सायकलस्वार शर्यतपटूंच्या पुढे होते, ही बाब पुरेशी अधोरेखित झालेली नाही.

पुढे रने एर्स व अॅलेक्स सिंगर या पॅरिस परिसरातील कारागिरांनी सायकल आणि तिची साधने यांचा एकत्र विचार केला: सांगाड्याच्या मापानेच घडवलेले हलक्या नळ्यांचे कॅरिअर, मडगार्ड, डायनामोचे दिवे आणि खडबडीत रस्त्यांचे हादरे शोषणारे रुंद टायर. कॅरिअर सैल असला की ओझे डोलते आणि हँडलवरचा ताबा सुटतो, म्हणून त्याची बळकट जोडणी त्यांच्या कौशल्याची खरी कसोटी होती.