हजेरी, वाट आणि मोबदला : ॲपवरील कामाच्या तक्रारींचा जुना इतिहास

१/
सुपरमार्केटमधील बिस्किटांची फळी गिऱ्हाइकांच्या हातांनी दुपारपर्यंत विस्कटते आणि संध्याकाळी पुन्हा ओळीत लागलेली दिसते. ती लावणारा मनुष्य पुष्कळदा त्या दुकानाचा नोकर नसतो. बिस्किटे बनवणाऱ्या कंपनीचाही नसतो. सकाळी त्याच्या फोनवर एक काम उमटलेले असते : अमुक दुकान, अमुक फळी, इतके फोटो, इतके पैसे. ‘मर्चंडायझिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कामाच्या तक्रारी नव्या युगाच्या वाटतात. त्यांची वंशावळ मात्र लंडनच्या गोदीपर्यंत आणि मुंबईच्या गिरणीच्या फाटकापर्यंत जाते. तिचाच हा थ्रेड.

२/
प्रथम तक्रारी पाहू. मोबदला कामागणिक ठरलेला असतो. दुकानापर्यंतचा प्रवास त्यात धरलेला नसतो. दुकानात पोहोचल्यावर कळते की माल अद्याप आलेला नाही, किंवा व्यवस्थापकाला या भेटीची कल्पनाच नाही. तासभर थांबून फळी लावावी, तर फोटो ‘अस्पष्ट’ म्हणून नाकारला जातो. चांगल्या पैशांची कामे कोणाला आधी दिसतात, हेही कळत नाही. या साऱ्याच्या मुळाशी तीन प्रश्न आहेत. काम कोणाला द्यायचे, हे कोण ठरवतो? कामाची वेळ कोठून सुरू होते? काम झाल्याची नोंद कोणाच्या हाती असते?

३/
मुळात फळी लावणे हे स्वतंत्र काम झाले कधी? जुन्या किराणा दुकानात माल गल्ल्यामागे असे. गिऱ्हाईक यादी सांगे, दुकानाचा नोकर वस्तू काढून, तोलून, बांधून देई. सप्टेंबर १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने ‘पिगली विगली’ नावाचे दुकान उघडले. तेथे गिऱ्हाइकाने हातात टोपली घेऊन स्वतःच वस्तू उचलायच्या होत्या. १९१७ मध्ये सॉन्डर्सला या रचनेचे पेटंटही मिळाले. गल्ल्यामागचा बोलका विक्रेता दूर झाला आणि विकण्याचे काम फळीकडे आले.

४/
फळीच विकणार असेल, तर तिच्यावरची जागा मोलाची ठरते. डोळ्यांच्या उंचीवरचा डबा अधिक खपतो, हे उत्पादकांनी लवकर ओळखले. त्यांचे प्रतिनिधी दुकानोदुकानी फिरून आपला माल नीट लागला आहे का, हे पाहू लागले. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावाच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंग गमच्या पाकिटावरील बारकोड पहिल्यांदा वाचला गेला. त्यानंतर कोणत्या वस्तूचा खप किती, हे आकड्यांत दिसू लागले. कोणती वस्तू कोठे ठेवायची याचे नकाशे, म्हणजे प्लॅनोग्राम, संगणकावर तयार होऊ लागले. नकाशाबरहुकूम फळ्या लावण्याचे काम हळूहळू बाहेरच्या एजन्सींकडे गेले.

५/
एजन्सीचा मनुष्य निदान ओळखीचा असे. त्याचा एक साहेब असे, ठरलेला फेरा असे, बहुधा दिवसाची मजुरीही असे. २००८ मध्ये स्मार्टफोनवर ॲप विकत घेण्याची बाजारपेठ सुरू झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत अशी ॲप आली, जी एकेका फळीच्या तपासणीचे काम जवळपासच्या कोणाही फोनधारकाला देऊ लागली. फोनचा कॅमेरा हाच पुरावा आणि फोनचे स्थान हीच हजेरी झाली. दिवसाच्या मजुरीचे तुकडे पडले. तुकड्यांमधला मोकळा वेळ मात्र कामगाराच्या खाती राहिला.

६/
मोकळ्या वेळेचा हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गोदीत पेटला होता. तेथे बहुतेक मजूर रोजंदारीचेही नव्हते, ते तासावर होते. जहाज आले की गोदीच्या फाटकापाशी माणसांची गर्दी होई. मुकादम त्यातून हवे तेवढे निवडी. निवडलेल्याला दोन तासांनंतर घरी पाठवले, तरी दाद मागता येत नसे. उरलेले पुढच्या पुकाऱ्याची वाट पाहत ताटकळत. ज्याला तासाभराचेच काम मिळाले, त्याचाही सारा दिवस गोदीच्या दारातच जाई. पैसे मिळत ते एका तासाचे.

७/
१४ ऑगस्ट १८८९ रोजी वेस्ट इंडिया डॉक येथे संप सुरू झाला. बेन टिलेट, टॉम मान आणि जॉन बर्न्स हे त्याचे प्रमुख पुढारी. तासाला ५ ऐवजी ६ पेन्स ही मागणी सर्वांच्या लक्षात राहिली. तिच्या शेजारची मागणी या थ्रेडच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे : ज्याला कामावर घ्याल, त्याला निदान ४ तासांचे पैसे द्या. ऑस्ट्रेलियातील कामगारांनी व सहानुभूतीदारांनी सुमारे ३०,००० पौंड पाठवले आणि उपासमारीचे संकट टळले. सप्टेंबरच्या मध्यास तडजोड झाली. ६ पेन्सचा दर मान्य झाला आणि कामावर घेतलेल्याला निदान २ शिलिंग देण्याचे ठरले. २ शिलिंग म्हणजे २४ पेन्स, म्हणजेच ४ तासांची मजुरी.

८/
संपाची ठिणगी कशावरून पडली, हेही पाहण्यासारखे आहे. ‘लेडी आर्मस्ट्राँग’ नावाच्या जहाजाचा माल उतरवताना ‘प्लस’वरून वाद झाला होता. काम ठरल्याहून लवकर झाले, तर मूळ मजुरीवर जो बोनस मिळे, त्याला प्लस म्हणत. मजुरांचा आक्षेप असा की हा हिशेब त्यांना कधी दाखवलाच जात नाही. किती माल उतरला, किती वेळ लागला, वाटा कसा पडला, हे ठरवणारी वही दुसऱ्याच्या हाती होती. आज फोटो ‘मंजूर’ की ‘नामंजूर’ हे ज्या पडद्यामागे ठरते, त्या पडद्याचे हे जुने रूप.

९/
आता मुंबईकडे वळू. गिरणगावात कायम कामगारांच्या बरोबरीने ‘बदली’ कामगार असत. कोणाचा खाडा झाला, तर त्याच्या सांच्यावर त्या दिवसापुरता बदली उभा राही. पहाटेच्या भोंग्याला गिरणीच्या दारात जायचे आणि जॉबरची नजर आपल्यावर पडते का, हे पाहायचे. जॉबर हा खात्याचा मुकादम. माणसे भरणे त्याच्याच हाती. त्यामुळे नाते, गाव, ओळख यांना महत्त्व आले आणि दस्तुरीलाही आले. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर कडक टीका केली.

१०/
१९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना बदलीचे कार्ड द्यायचे; त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे; रिकाम्या जागा आधी त्यांनाच मिळायच्या. जॉबरच्या मर्जीला यामुळे थोडा लगाम बसला. मात्र कार्डाने कामाची हमी दिली नाही. कार्डधारकाने यायचेच, आणि काम नसेल तर रिकाम्या हाती परतायचे. कामवाटपाला नियम मिळाला, पण वाट पाहण्याला मोल मिळाले नाही.

११/
ते मोल मुंबई बंदरात मिळाले. तेथेही टोळीवाल्यांमार्फत मजूर घेतले जात. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला आणि त्याखाली मुंबईत योजना आली. कामगारांची नोंदवही तयार झाली. कामे पाळीने वाटण्याची व्यवस्था झाली. नोंदलेला कामगार हजर राहिला आणि काम मिळाले नाही, तरी त्याला हजेरीभत्ता मिळू लागला. बोलावणाऱ्याने वाट पाहायला लावले, तर त्याचा खर्चही बोलावणाऱ्यानेच सोसावा, हे तत्त्व येथे नियमात उतरले.

१२/
दुसरा प्रश्न : कामाची वेळ कोठून सुरू होते? अमेरिकेतील मिशिगन राज्यात माउंट क्लेमेन्स पॉटरी हा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना होता. सुमारे १,२०० कामगार, आणि त्यांतील बहुतेक नगावर मजुरी घेणारे. फाटकातून शिरून कार्ड ठोकायचे, विस्तीर्ण आवारातून चालत आपल्या जागी जायचे, तयारी करायची. या मिनिटांचे पैसे मिळत नसत. १९४१ मध्ये सात कामगार व त्यांची युनियन न्यायालयात गेली.

१३/
१० जून १९४६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालण्याचा व तयारीचा तो वेळ कामाचाच धरला. न्यायमूर्ती फ्रँक मर्फी यांच्या निकालपत्रातील आणखी एक मुद्दा त्याहून टिकाऊ ठरला. वेळेची नोंद ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने ती नीट ठेवली नसेल, तर नोंदीच्या अभावाची शिक्षा कामगाराला देता येणार नाही. कामगाराने वाजवी अंदाज मांडावा. तो चुकीचा आहे हे दाखवण्याची जबाबदारी मग मालकाची. नोंदवहीच्या राजकारणावर न्यायालयाने ठेवलेले हे नेमके बोट होते.

१४/
निकालानंतर देशभर शेकडो दावे दाखल झाले. मागण्यांची बेरीज अब्जावधी डॉलरांत गेली. उद्योगजगत हादरले आणि १४ मे १९४७ रोजी ‘पोर्टल-टू-पोर्टल’ कायदा झाला. कामाच्या जागेपर्यंतचे जाणे-येणे आणि मुख्य कामाच्या आधीच्या-नंतरच्या गोष्टी साधारणपणे मजुरीबाहेर ठेवल्या गेल्या. २०१४ मध्ये याच कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गोदामातून बाहेर पडताना झडतीच्या रांगेत गेलेल्या वेळेचे पैसे देणे बंधनकारक नाही. जिंकलेली मिनिटे परतही जातात, हे या प्रकरणातून दिसते.

१५/
फळी लावणाऱ्या गिग कामगाराची अडचण आणखी एक पायरी मागे आहे. १९३८ चा अमेरिकी किमान वेतन कायदा ‘कर्मचाऱ्या’साठी आहे, ॲपच्या करारात मात्र तो बहुधा ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतो. म्हणून वेळ मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटदार ठरवण्याची कसोटी कडक केली आणि २०१९ मध्ये तसा कायदाही झाला. नोव्हेंबर २०२० च्या सार्वमताने ॲपवरील चालकांना त्यातून वगळले. त्यांना किमान मोबदल्याची हमी मिळाली, पण ती फेरी स्वीकारल्यापासून ती संपेपर्यंतच्या वेळेपुरती. दोन फेऱ्यांमधली वाट पुन्हा चालकाच्याच माथी.

१६/
लंडनमध्ये उलट घडले. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘उबर’च्या चालकांविषयी निकाल दिला. आपल्या परवाना-क्षेत्रात ॲप चालू ठेवून फेरी घेण्यास चालक तयार असेल, तर तो वेळही कामाचाच. जेथे १८८९ मध्ये किमान ४ तासांसाठी संप झाला, त्याच शहरातल्या प्रकरणात वाट पाहण्याला अखेर कामाचा दर्जा मिळाला. २०२४ च्या युरोपीय संघाच्या निर्देशाने आणखी एक गोष्ट केली : खाते बंद करण्यासारखे मोठे निर्णय केवळ संगणकावर सोडता येणार नाहीत, ते माणसाने घेतले पाहिजेत.

१७/
भारतात निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये सुमारे ७७ लाख गिग कामगार होते. २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील, असा अंदाज आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ हा शब्द कायद्यात आणला. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले. संहितेचा भर विमा, आरोग्य, वृद्धापकाळ यांवर आहे. वाट पाहिलेल्या तासाचे काय, याला तिच्यात उत्तर नाही.

१८/
गोदीतला मुकादम, गिरणीतला जॉबर आणि फोनमधली यादी यांत एक फरक आहे. मुकादमाचा चेहरा दिसे, त्याच्याशी भांडता येई. आणि फाटकापाशी ताटकळणारे एकमेकांनाही दिसत. संप त्या गर्दीतूनच उभा राहिला. फळी लावणारे आज शहरभर विखुरलेले आहेत. शेजारच्या दुकानात कोणाचा फोटो नाकारला गेला, हे त्यांना ठाऊक नसते. पूर्वी जे मिळाले, ते मात्र तीन साध्या नियमांच्या रूपात मिळाले : बोलावले तर किमान इतके पैसे, हजर राहिल्यास भत्ता, आणि नोंद ठेवण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची. आजच्या फोनमध्ये प्रवासाचे, थांबण्याचे, कामाचे प्रत्येक मिनिट आधीच नोंदलेले असते. माउंट क्लेमेन्सच्या कामगारांना जी वही हवी होती, ती आता अस्तित्वात आहे. ती कामगाराला उघडून दाखवावी, असा नियम होणे मात्र बाकी आहे.