डुकराच्या केसांपासून विजेच्या ब्रशपर्यंत



विजेवर चालणारा टूथब्रश घ्यावा का, हा प्रश्न हल्ली आपल्या बायकांमध्ये वरचेवर निघतो. दुकानदार त्याचा वेग सांगतो, दातांचे डॉक्टर हिरड्यांचं सांगतात. मला मात्र आधी ब्रशचा इतिहास सांगावासा वाटतो, कारण या वस्तूशी आपल्या घरांचं नातं कधीच सरळ नव्हतं.

आपल्या दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत ‘अदंतधावन’ हा एक मूलगुण आहे. देह सजवायचा नाही, त्याचे लाड करायचे नाहीत, म्हणून मुनी दात घासत नाहीत. आपण श्रावक-श्राविका. आपल्याला ही सक्ती नाही, पण उपवासाच्या दिवशी दात न घासण्याची पद्धत आजही अनेक घरांत आहे. एरवी आमच्या आजीच्या घरी राखुंडी, मीठ नाहीतर कडुलिंबाची काडी असायची. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं तोडायचं नाही म्हणून काडीही बंद. त्या दिवशी नुसत्या बोटाने दात चोळायचे.

अशा घरात टूथब्रश आला तेव्हा त्याच्याकडे संशयाने पाहिलं गेलं, आणि तो संशय खोटा नव्हता. ताठ केसांचा ब्रश पहिल्यांदा चीनमध्ये झाला असं मानतात. इंग्लंडमध्ये विल्यम अॅडिस याने १७८० च्या सुमारास ब्रश मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. त्याची मूठ गुरांच्या हाडाची आणि केस डुकराचे. थंड मुलखातल्या डुकरांचे केस जाड आणि ताठ असतात, म्हणून सायबेरिया आणि चीनमधून ते मागवले जात. दीडशे वर्षं जगातला बहुतेक ब्रश असाच होता. हाड आणि डुकराचे केस सकाळी उठून तोंडात घालायचे, हे आपल्या आज्या-पणज्यांना कसं पटावं?

हे बदललं ते धर्मापायी नव्हे, रसायनशास्त्रामुळे. अमेरिकेत द्यू पाँ या कंपनीत नायलॉनचा शोध लागला आणि १९३८ मध्ये नायलॉनच्या केसांचा पहिला ब्रश बाजारात आला. बायकांचे नायलॉनचे पायमोजे दुकानांत आले ते त्यानंतर. सुरुवातीचे ते केस फार कडक होते, हिरड्या सोलून निघत. १९५० च्या दशकात मऊ नायलॉन आलं आणि मग डुकराचा केस मागे पडला. अहिंसेच्या नावाने कुणी काही केलं नाही, पण ब्रश आपल्या घरात यायला मोकळा झाला. तरी एक सांगते. ‘नैसर्गिक केसांचा’ असं लिहिलेले ब्रश अजूनही मिळतात. नैसर्गिक म्हणजे शुद्ध असं धरून चालू नका, केस कशाचे ते विचारा.

आता विजेचा ब्रश. १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फिलिप-गी वूग यांनी ‘ब्रॉक्सोडेंट’ नावाचा ब्रश बनवला. तो चैनीसाठी नव्हता. ज्यांचे हात नीट चालत नाहीत आणि ज्यांच्या दातांना तारा बसवल्या आहेत, अशा रुग्णांसाठी होता. त्याची वायर थेट भिंतीतल्या प्लगमध्ये जायची. ओल्या हातात घरची वीज, म्हणजे धोकाच. १९६१ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने चार्ज होणारा, बिनवायरचा ब्रश काढला. १९८७ मध्ये गोल फिरणाऱ्या केसांचा आणि १९९० च्या दशकात अतिवेगाने थरथरणारा, ज्याला ‘सोनिक’ म्हणतात तो आला. आज दुकानात दिसतात ते मुख्यतः हे दोन वंश: एकाचं डोकं छोटं आणि गोल, दुसऱ्याचं लांबट.

हा इतिहास मी शोधला तो सासूबाईंसाठी. त्यांचं वय ७६. संधिवाताने बोटं वाकली आहेत, ब्रशची बारीक दांडी धरवत नाही. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. दोन दाढा गेल्या, तिसरी हलत होती. दात गेले की भाकरी जाते, आणि एकाशन करणाऱ्या बाईच्या ताटातून भाकरी गेली तर उरतं काय? तरी त्यांचे तीन आक्षेप होते.

पहिला, डुकराच्या केसांचा. त्याचं उत्तर वर आलंच. दुसरा, तेजकायाचा. वीज सचित्त की अचित्त, यावर आपल्या साधुसंतांत मतभेद आहेत आणि तो निवाडा करणारी मी कोण? मी एवढंच म्हटलं, “आई, घरात दिवा, पंखा, मिक्सर आपण वापरतोच. त्यात या ब्रशची भर फार थोडी, आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा चार्जिंग.” तिसरा आक्षेप खरा अवघड होता: चौविहार. डॉक्टर म्हणतात रात्री झोपताना घासा, आणि त्यांच्या तोंडात सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब जात नाही.

यावर आमच्या डॉक्टरीणबाईंनीच वाट दाखवली. रात्री घासायचं ते दिवसभराचं अन्न दातांत राहू नये म्हणून. ज्यांचं शेवटचं खाणं सूर्यास्ताआधीच संपतं त्यांनी जेवल्यावर थोड्या वेळाने, दिवस मावळायच्या आत घासलं तरी हेतू साधतो. आपला नियम इथे आड येत नाही, उलट मदत करतो. नवकारशी पाळणाऱ्यांनी सकाळचं घासणं सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी करावं.

निवडताना मी चारच गोष्टी पाहिल्या: जाड मूठ, मऊ केस, जोर जास्त झाला तर कळवणारा दिवा, आणि दोन मिनिटांचं घड्याळ. दहा प्रकारचे वेग आणि मोबाइलला जोडणं हे सगळं परिग्रहात जमा. कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ५६ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात तीन महिन्यांनंतर साध्या ब्रशपेक्षा विजेच्या ब्रशने दातांवरचा थर २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी दिसली. फरक आहे, पण चमत्कार नाही. ज्यांचे हात धड आहेत आणि ज्या मन लावून घासतात, त्यांना साधा ब्रश पुरतो.

सवय व्हायला आठ-दहा दिवस जातात. आधी ओठांना आणि नाकाला गुदगुल्या होतात. ब्रश तोंडात घालून मगच बटण दाबा, नाहीतर पेस्टचे शिंतोडे आरशावर. घासायचं नाही, नुसतं एकेका दातावर टेकवून पुढे सरकायचं. तोंडाचे चार भाग करा, प्रत्येकाला अर्धा मिनिट. नळ बंद ठेवा, गाळलेल्या पाण्याचा एक पेला चुळांना पुरतो. डोकं तीन महिन्यांनी बदला. एका मुठीला वेगवेगळी डोकी लावून दोघी वापरू शकतात, आमच्याकडे तसंच आहे.

सासूबाईंची तिसरी दाढ अजून जागेवर आहे. भाकरी त्या दुधात न कुस्करता खातात. चतुर्दशीला मात्र ब्रश तसाच उभा असतो आणि त्या बोटाने दात चोळतात. त्याला मीही काही म्हणत नाही.