तक्त्यातल्या बायका

जुहूला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या आवारात स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र आहे. नीरा देसाई यांच्या पुढाकाराने या विद्यापीठात १९७४ साली ते काम सुरू झाले. स्त्रियांचा इतिहास कोणत्या कागदांतून वाचायचा, हा प्रश्न आपल्याकडे विद्यापीठीय पातळीवर ज्यांनी आधी विचारला, त्यांत या केंद्राची गणना करावी लागते. साहित्याच्या आम्हा मंडळींनी त्याचे उत्तर आपल्या सोयीने दिले: आत्मचरित्रे, पत्रे, ओव्या. वैद्यकीय नियतकालिकातला तक्ता मात्र आम्ही क्वचितच उघडतो. त्यातही बायका असतात, आणि कधीकधी आपल्या जिल्ह्यातल्या असतात.

असा एक तक्ता एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. विषय गर्भाशयमुखाचा कर्करोग. स्थळ उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील खेडी. या कामाचा कणा होते सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली याच बार्शीत सुरू झाली होती. आजार 'पिशवीचा'. 'अंगावरून जाते' एवढेच सांगून, तेही सासूला किंवा जावेला, बाई पुन्हा कामाला लागायची आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत फार उशीर झालेला असायचा. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग आणि प्रत्यक्ष कर्करोग यांच्यामध्ये बहुधा दहा-वीस वर्षे जातात. प्रतिबंधाला वाव आहे तो या मधल्या वर्षांतच. विषाणूशी असलेले हे नाते उलगडणाऱ्या हाराल्ट त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले.

उस्मानाबादेत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची गावे चार गटांत वाटली गेली. एका गटाची विषाणूसाठी चाचणी झाली, दुसऱ्याची पेशीतपासणी झाली, तिसऱ्यात ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी झाली. चौथा गट तपासणीविना राहिला. आठ वर्षांनंतरचे आकडे असे: विषाणूचाचणी झालेल्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे जगाला उस्मानाबादने दाखवले. उरलेल्या दोन पद्धतींनी तेथे मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

चौथ्या गटाला शास्त्रात 'नियंत्रण गट' म्हणतात. शब्दाचा अर्थ आम्हाला ठाऊक आहे, तरी तो वाचताना अडखळायला होते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून केलेल्या अभ्यासातही असा गट होता, ७६,१७८ स्त्रियांचा. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या, थोडक्या प्रशिक्षणाने तयार झालेल्या आरोग्यसेविकांनी आम्लाची तपासणी केली आणि तपासलेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ती तपासणी नियंत्रण गटाला नव्हती. देशात तपासणीची सार्वत्रिक व्यवस्थाच नाही, तेव्हा कोणाचेही काही हिरावले गेले नाही, असा संशोधकांचा युक्तिवाद होता. टीकाकारांनी तो मानला नाही. आमच्या मते युक्तिवाद तर्काने टिकतो, पण जी व्यवस्था नाही म्हणून तो टिकतो, त्या व्यवस्थेवरच तो आरोपपत्र ठेवतो. आम्लाची बाटली आणि चांगला उजेड यांना फारसा खर्च लागत नाही.

लसीची कथा याहून विचित्र. सप्टेंबर २००९ मध्ये देशातील नऊ केंद्रांवर एक चाचणी सुरू झाली. त्यांपैकी मुंबई, पुणे आणि बार्शी ही तीन महाराष्ट्रातली. १० ते १८ वर्षांच्या अविवाहित मुलींना तीनऐवजी दोनच मात्रा पुरतात का, एवढाच प्रश्न होता. त्याच सुमारास आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे एका वेगळ्या प्रकल्पात याच रोगावरील लस दिली जात होती. तेथे सात मुलींचे मृत्यू झाले. लसीशी त्यांचा संबंध चौकशीत आढळला नाही, पण वसतिगृहाच्या अधीक्षकांनी पालकांच्या जागी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. संताप रास्त होता. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सर्वच चाचण्यांतील लसीकरण थांबवले आणि ज्या मुलीची जेवढी मात्रा झाली होती तेवढ्यावर ती राहिली. १७,७२९ मुलींपैकी ४,९५० जणींना एकच मात्रा मिळाली होती.

हा गट कोणी आखला नव्हता, पण संशोधकांनी त्याचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'मध्ये निष्कर्ष आला: १६ आणि १८ या घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेने ९५.४ टक्के संरक्षण मिळाले, तीन मात्रांनी ९३.३ टक्के; म्हणजे फरक नाहीच. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक मात्राही चालेल असे म्हटले, तेव्हा आधार धरलेल्या पुराव्यांत हा अभ्यासही होता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस बाजारात आली. बार्शीत मुलींच्या दंडाला पहिली सुई टोचल्याला तोवर तेरा वर्षे उलटून गेली होती.

या अहवालातील एक तपशील आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. संसर्ग पाहण्यासाठी गर्भाशयमुखाचा नमुना लागतो आणि तो अविवाहित मुलीकडून घेता येत नाही. म्हणून नियम ठरला: लग्नानंतर अठरा महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, यांतले जे आधी येईल तेव्हा. म्हणजे कर्मचाऱ्यांच्या वहीत त्या मुलींच्या नावांपुढे प्रथम लग्नाची तारीख यायची, मग सासरचे गाव, मग बाळाचा जन्म. छापील तक्त्यात यांतले काहीच नाही. तेथे फक्त '४,९५०' आहे.