दक्षिण आफ्रिकेतली ‘नाईल’ आणि नगरचा महाल

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्याचे नाव निघाले की १९४२ मधला पंडित नेहरूंचा बंदिवास आठवतो. त्याच्या चाळीसेक वर्षे आधी याच किल्ल्यात दक्षिण आफ्रिकेतले बोअर कैदी होते. १८९९ ते १९०२ च्या युद्धात इंग्रजांनी पकडलेले सुमारे नऊ हजार बोअर हिंदुस्थानात आणले गेले, त्यांपैकी काही नगरला आले. डच भाषेत बोअर म्हणजे शेतकरी. १६५२ पासून केप भागात वस्ती केलेल्या डच लोकांचे हे वंशज.

इंग्रजी अंमल नकोसा होऊन १८३५ च्या सुमारास हजारो बोअर बैलगाड्या जुंपून आतल्या प्रदेशात निघाले आणि वाटेतल्या नद्यांना, डोंगरांना नावे देत गेले. त्यांतले एक गमतीदार नाव नाईलस्ट्रूम, म्हणजे ‘नाईलचा प्रवाह’. गोष्ट अशी सांगतात, की एक भाविक टोळी जेरुसलेमला जायला निघाली. ट्रान्सवालमध्ये तिला पुराने फुगलेली, उत्तरेकडे वाहणारी नदी लागली. जवळच पिरॅमिडसारखी एक सुटी टेकडी होती. मग ही बायबलातली नाईलच! १८६६ मध्ये तिथे त्याच नावाचे गाव वसले.

मुलांना नकाशा उघडायला सांगावा. हे पाणी लिंपोपो नदीतून हिंदी महासागराला मिळते. नाईल भूमध्य समुद्राला. पण त्या लोकांना अडाणी म्हणून हसू नये. दोन खुणा जुळल्या होत्या, तिसरी तपासायची राहिली. तिथल्या आफ्रिकी लोकांना विचारले असते तरी भागले असते. त्यांच्या लेखी ती पवित्र टेकडी ‘मोदिमोले’ होती. २००२ मध्ये गावाला तेच नाव मिळाले.

नगरकरांनाही असे उदाहरण दूर शोधायला नको. पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावरील तीन मजली अष्टकोनी इमारतीला सगळे ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वास्तविक ती मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबी १६०० साली किल्ल्यातच मारली गेली. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांशी लढलेली ही राणी लोकांच्या इतकी मनात बसली, की मंत्र्याचे नाव मागे पडले. सहलीला आलेली मुले गच्चीवरून शहर पाहून परततात. त्यांना आधी तळघरातल्या कबरी दाखवाव्यात आणि राजवाड्यात त्या कशा आल्या, एवढेच विचारावे.