डोळ्यात बसणारे कातकाम

कातारी म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे सावंतवाडीची लाकडी खेळणी, पाळण्याचे रंगीत खूर, फार तर पितळी समया येतात. फिरत्या वस्तूस हत्यार लावून तिला गोलाई आणावयाची, ही विद्या फार जुनी. तिच्याच एका अगदी अलीकडच्या शाखेची हकीकत आज सांगावयाची आहे. प्लास्टिकचा साडेआठ मिलिमीटरहूनही लहान तुकडा घडवून तो माणसाच्या डोळ्यात कायमचा बसविण्यात आला, आणि त्या कामी पदार्थाइतकेच कारागीरही कसोटीस लागले.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे. ते सुईने आत ढकलून वाट मोकळी करण्याची क्रिया सुश्रुतसंहितेतही वर्णिलेली आहे. पुढे ते गढूळ भिंग बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. परंतु भिंग गेले की त्याची जागा रिकामी राहते. मग नाकावर दहा-बारा नंबरचा जाड चष्मा आला. त्यातून प्रत्येक वस्तू पाव हिश्शाने मोठी दिसते, आणि एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन डोळ्यांच्या दोन चित्रांचा मेळच बसत नाही. बाटलीच्या बुडासारख्या काचांतून जिन्याची पायरी चाचपणारे आजोबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस अधिक सांगावयास नको.

या अडचणीतून वाट निघाली ती युद्धाच्या धामधुमीत. 1930 नंतरच्या दशकात अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचे स्वच्छ पारदर्शक तक्ते निघू लागले. ब्रिटनमधील आय. सी. आय. कंपनीने त्यास ‘पर्स्पेक्स’ हे नाव दिले. काचेहून हलके आणि घडविण्यास सोपे असल्याने लढाऊ विमानांच्या वैमानिक-कक्षांवर याच पदार्थाची छपरे चढली. 15 ऑगस्ट 1940 रोजी गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या विमानाचे छप्पर गोळ्यांनी फुटले आणि त्याचे कण दोन्ही डोळ्यांत घुसले. (हे विमान स्पिटफायर होते असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते, ते हरिकेन होते.) एक डोळा गेला. दुसऱ्यात मात्र कण तसेच राहूनही डोळा चिडला नाही, सुजला नाही. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयाचे नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांनी ही गोष्ट हेरली.

रिडलींनी रेनर या भिंगे बनविणाऱ्या कंपनीतील जॉन पाइक यांना गाठले. आय. सी. आय.ने वैद्यकीय उपयोगासाठी पर्स्पेक्सचा अधिक शुद्ध प्रकार करून दिला. पहिली शस्त्रक्रिया 29 नोव्हेंबर 1949 रोजी झाली. तिचा गाजावाजा करण्यात आला नाही. 1951 च्या जुलैत ऑक्सफर्डच्या परिषदेत रिडलींनी ती जाहीर केली, तेव्हा कौतुकापेक्षा विरोधच अधिक झाला. डोळ्यातून परकी वस्तू काढावयाची असते, घालावयाची नसते, अशी त्या काळच्या तज्ज्ञांची धारणा होती. ती अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही.

पहिल्या रुग्णाचा डोळा शांत राहिला, पण नंबर निघाला उणे 18 च्या घरात! चूक हातची नव्हती, हिशेबाची होती. भिंगाची वक्रता निसर्गाच्या भिंगावरून घेतली होती. परंतु नैसर्गिक भिंगाचा वक्रीभवनांक सुमारे 1.42, तर पर्स्पेक्सचा 1.49. तोच आकार प्लास्टिकमध्ये किती तरी अधिक जोरकस ठरला. पुढच्या भिंगांची वक्रता कमी करावी लागली.

आता कातकामाकडे वळू. हे प्लास्टिक दिसते काचेसारखे, वागते मात्र निराळे. शंभर अंशांच्या थोडे वर गेले की ते मऊ पडते, आणि धातूप्रमाणे उष्णता वाहून नेणे त्यास जमत नाही. हत्याराची धार बोथट असेल तर ते कापत नाही, घासते, घासल्याने तापते, तापल्याने सुटलेला कीस पुन्हा पृष्ठभागास चिकटून भिंग धुरकट होते. त्याहून वाईट म्हणजे आत ताण उरतो आणि स्पिरिट लागताच केसासारख्या बारीक चिरा उमटतात. म्हणून पुढे रूढ झालेल्या पद्धतीत हिऱ्याचे टोक वापरतात. छोटी चकती मेणाने धारकावर चिकटवून एक बाजू कातावयाची, उलटून दुसरी कातावयाची, मग कडा. शेवटी भिंगे काचेच्या मण्यांसह पिंपात तासन् तास घोळवितात, तेव्हा कडांची बोच जाते.

ही बोच क्षुल्लक नव्हे. 1970 नंतरच्या दशकात अशा भिंगांस मागणी वाढली आणि एका प्रचलित नमुन्याच्या नकला अनेकांनी बाजारात आणल्या. काहींच्या कडा खरखरीत होत्या, काहींचे टेकू वाकडे होते. डोळा हलला की ती कड आतल्या नाजूक पडद्यावर घासे. मग दाह, रक्तस्राव आणि डोळ्यातील दाब वाढणे ही तिन्ही संकटे एकदमच येत. प्लास्टिक तेच, जे क्लीव्हरच्या डोळ्यात निमूटपणे राहिले होते! कित्येकांच्या डोळ्यांतून ही भिंगे पुन्हा काढावी लागली.

आणखी एक पेच होता. प्रत्येकाचा डोळा निराळा, तेव्हा भिंगही त्याच्या मापाचे हवे. डोळ्याची लांबी मोजण्यात एक मिलिमीटर चुकला तर जवळजवळ तीन नंबरांचा फरक पडतो. ध्वनिलहरींनी लांबी मोजणे साधले, आणि कारखान्यांतून अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या अंतराने भिंगे निघू लागली. परंतु परदेशी भिंगास सुमारे शंभर डॉलर पडत. आपल्याकडील शिबिरातल्या शेतकऱ्यास ती रक्कम कोठून परवडणार? 1992 मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ‘ऑरोलॅब’ हा आपला कारखाना काढला, आणि किंमत दहा डॉलरांच्या आसपास आली.

आज घडी घालून बारीक छिद्रातून सरकविता येणारी मऊ भिंगे अधिक चालतात. त्यांपैकी पाणी शोषणाऱ्या जातीची पुष्कळशी भिंगे अजून लेथवरच कातली जातात. ती मऊ असताना कापता येत नाहीत, म्हणून कोरड्या, कडक अवस्थेत कातून मग पाण्यात मुरवितात. मुरल्यावर ती फुगतात. तेव्हा किती फुगणार याचा हिशेब करून कारागिरास ती आधीच तितकी लहान कातावी लागतात.