परदेशातल्या पदवीला जामीन कोण?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

परदेशात जाऊन एमबीए करायचे तर किती पैसे लागतात, हा प्रश्न आता अगदी साध्या नोकरदार घरांतही विचारला जातो. उत्तर ऐकल्यावर विचारणारा थोडा वेळ गप्प होतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलची एका वर्षाची नुसती ट्यूशन फी ७५ हजार डॉलरच्या पुढे गेली आहे. डॉलरला ८५ रुपये धरले तरी ही रक्कम ६४ लाखांच्या घरात जाते आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा. राहणे, जेवण, विमा, विमानभाडे हे सारे वेगळे. युरोपातल्या काही संस्था हेच शिक्षण वर्षभरात उरकतात. तिथे आकडा खाली येतो, पण पगारदार बापाला झोप लागेल इतका खाली येत नाही.

आज मला मात्र आकड्यापेक्षा त्याच्यामागे दडलेल्या एका जुन्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत आपल्याकडची सामान्य ऐपतीच्या घरातली जी माणसे सातासमुद्रापार शिकून आली, त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या घरी तेवढा पैसा होता. पैसा दुसऱ्या कोणाचा तरी असे. देणारा काय पाहून देत होता आणि बदल्यात काय लिहून घेत होता, हे पाहिले की या खर्चाचा खरा इतिहास हाती लागतो.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिल महिन्यात कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून. घरातले दागिने विकले गेले. श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी आपण का जात आहोत हे जाहीर सभेत सांगितले, तेव्हा ठिकठिकाणाहून देणग्या आल्या. अमेरिकेत कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतले. म्हणजे दागिने, लोकवर्गणी आणि परक्या बाईची माया, एवढ्या भांडवलावर फिलाडेल्फियाची डॉक्टरकी झाली. मात्र लोकवर्गणी एखाद्या आनंदीबाईला मिळते. दर वर्षी दहा-वीस मुलांना ती मिळेल, अशी आशा कोणी धरू नये.

ही सोय कायमची करावी असे ज्यांच्या मनात आले, त्यांत जमशेटजी टाटांचे नाव पहिले घ्यावे लागेल. १८९२ साली त्यांनी उच्च शिक्षणासाठी निधी उभा केला. प्रारंभी तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता, पुढे सर्वांना खुला झाला. जमशेटजी व्यापारी होते आणि त्यांनी हे दान म्हणून दिले नाही, कर्ज म्हणून दिले. शिकून आलेल्याने पैसे परत करायचे आणि त्याच पैशातून पुढचा विद्यार्थी पाठवायचा. फुकटचा पैसा एकदाच खर्च होतो, परत आलेला पैसा पुन्हा पुन्हा जातो, हा पेढीवरचा हिशेब त्यांनी शिक्षणाला लावला. त्रावणकोरातल्या एका गरीब घरातले के. आर. नारायणन १९४५ साली याच निधीतून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले आणि पुढे राष्ट्रपती झाले. हा निधी आजही कर्ज देतो.

दुसरे दाते होते संस्थानिक. त्यांना परत पैसे नको असत, माणूस हवा असे. बडोद्याच्या सयाजीरावांनी कितीतरी मुले बाहेर धाडली, पण शिकून आल्यावर संस्थानची चाकरी करायची, असा करार असे. याच्या नेमकी उलटी अट लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मांनी घातली. त्यांच्या फेलोशिपा घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही! पैशाबरोबर अट ही येणारच.

या साऱ्या प्रकारांचा अनुभव एकाच माणसाने घेतला आणि त्याच्याविषयी जरा सविस्तर बोलायला हवे. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांची पदवी आजच्या अर्थाने व्यवस्थापनाची नव्हे, अर्थशास्त्राची. पण पैसा, चलन, सरकारी वित्त हाच त्यांचा विषय होता, आणि खर्च भागवण्याची त्यांची धडपड आजच्या कुठल्याही एमबीएच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल.

१९१३ च्या जूनमध्ये त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात परत आल्यावर संस्थानात १० वर्षे नोकरी. त्या वेळी पौंडाचा भाव १५ रुपये होता. म्हणजे महिन्याला साधारण १७२ रुपये आणि तीन वर्षांचे मिळून सुमारे ६,२०० रुपये. न्यूयॉर्कमध्ये याचे ५६ डॉलर होत. त्यात राहायचे, जेवायचे, पुस्तके घ्यायची आणि घरीही काही पाठवायचे. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ साली एमए केले. जेवणात काटकसर केली पण पुस्तकांत केली नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी दोनेक हजार पुस्तके जमवली, असे चरित्रकार सांगतात. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि तिथला अभ्यास मध्यावर असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली त्यांना परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेले पुस्तकांचे सामान युद्धात टॉर्पेडोने समुद्राच्या तळाशी गेले.

आता करार पाळायचा होता. आंबेडकर बडोद्याला हजर झाले. करारात १० वर्षांची नोकरी लिहिली होती, पण त्या शहरात त्यांना राहायला खोली कोण देणार, हे त्यात लिहिले नव्हते. पारशी खानावळीतून त्यांना बाहेर काढले गेले, कचेरीत शिपाई कागद हातात देईनात. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावे लागले. कर्ज देताना विद्यार्थ्याची लायकी तपासतात. ती विद्या वापरू देण्याची समाजाची लायकी कोणी तपासत नाही, आणि कर्ज मात्र विद्यार्थ्याच्या नावावर राहते.

पुढची पायरी मला फार महत्त्वाची वाटते. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. १९१३ साली निघालेले हे वाणिज्य महाविद्यालय. पगार ४५० रुपये, त्या काळी उत्तम. पण संसार परळच्या चाळीतच ठेवला आणि पैसे बाजूला टाकले. शाहू महाराजांनी मदत केली. कोलंबियातले मित्र नवल भथेना यांनी ५ हजार रुपये उसने दिले. शिल्लक, मदत आणि मित्राचे कर्ज, अशा तिन्ही पिशव्या एकत्र करून १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. या वेळी मागे कोणाचा करार नव्हता, पण कोणाचा दरमहाचा आधारही नव्हता.

आणि नेमके तेव्हाच रुपयाने दगा दिला. १९२० च्या सुरुवातीला रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या वर होता, म्हणजे १० रुपयांना पौंड मिळत होता. तो दोन शिलिंगांवर टिकवण्याचा सरकारने पुष्कळ प्रयत्न केला आणि सप्टेंबरात नाद सोडला. पुढच्या वर्षी रुपया सव्वा शिलिंगापर्यंत उतरला, पौंडाला १६ रुपये पडू लागले. रुपयांत साठवून पौंडांत खर्च करणाऱ्या प्रत्येकाच्या शिलकीतला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग असा हवेत गेला. आंबेडकर सकाळी म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसत ते बंद होईपर्यंत. रात्री भुकेला बोव्हरिलचा पेला आणि एका परिचिताने दिलेले पापड. १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले, व्याजासह फेडीन असे कळवून. १९२३ मध्ये डीएस्सीचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला तेव्हा हातातले पैसे संपत आले होते. ते मुंबईला आले आणि इथूनच प्रबंध दुरुस्त करून पाठवला. त्या प्रबंधाचा विषय कोणता? रुपयाचा प्रश्न! विनिमयाचा दर सरकारच्या मर्जीने वरखाली झाला की सामान्य माणसाचे काय होते, हे त्यांनी लिहिले आणि त्याच वेळी भोगलेही.

आता व्यापारशिक्षणाकडे येऊ. अमेरिकेत व्हार्टन स्कूल १८८१ सालचे, हार्वर्डची एमबीए १९०८ पासूनची, इंग्लंडात बर्मिंगहॅमची वाणिज्य शाखा १९०२ ची. तरी आपले दाते डॉक्टर, इंजिनिअर, बॅरिस्टर, आयसीएस यांवरच पैसे लावत. व्यापार हा पेढीवर बसून शिकण्याचा, त्यासाठी बोटीचे भाडे कशाला, अशी समजूत. शिवाय ज्याला व्यापार करायचा त्याच्या बापाची पेढी असणारच, असेही गृहीत धरलेले. ज्याच्या बापाची पेढी नव्हती, तो या हिशेबात कुठेच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर वेगळाच अडसर आला. रुपये असले तरी परकीय चलन मिळेना. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून एक पौंड बाहेर नेता येत नसे. खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेला उतरल्याच्या कहाण्या त्या पिढीकडून आपण ऐकल्या आहेत. आठ डॉलरवर ते जगले कसे? त्यांतले बहुतेक विज्ञान किंवा इंजिनिअरिंगचे होते. प्राध्यापकाच्या संशोधनाला अनुदान असे, त्यातून साहाय्यकाचे वेतन मिळे आणि फीही माफ होई. बिझनेस स्कूलचे गणित निराळे आहे. तिथला पदवीचा विद्यार्थी प्रयोगशाळेत राबत नाही. तो पुढे भरपूर कमावणार असे धरून त्याच्याकडून पूर्ण फी घेतात. म्हणून त्या दशकांत गणपतराव देशपांड्यांचा मुलगा पीएचडीला गेला हे आपण ऐकतो, एमबीएला गेला हे क्वचित. (हे देशपांडे माझ्या कल्पनेतले, पण प्रत्येक आळीत एक असे.) त्यात ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. ज्याला वर्षाला २ हजार डॉलर घरून लागत, त्याच्या बापाचा खर्च ९,५२० रुपयांवरून एका रात्रीत १५ हजारांवर गेला.

याच काळात देशातच सोय झाली, हे मात्र चांगले घडले. हार्वर्डच्या सहकार्याने अहमदाबादची आयआयएम निघाली, १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था. बाहेर जाण्याऐवजी बाहेरची विद्या आत आणली गेली. दादर-गिरगावच्या मुलाला लोकलच्या पासावर व्यवस्थापन शिकता आले. गरिबांच्या दृष्टीने ही कोणत्याही शिष्यवृत्तीपेक्षा मोठी मदत होती, असे माझे मत आहे.

१९९१ नंतर चलनाचे दरवाजे हळूहळू उघडले. २००४ साली रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवण्याची मुभा दिली, आता ती अडीच लाख डॉलरची आहे. परवानगीचा प्रश्न सुटला, पैशाचा पुढे आला. २००१ सालच्या बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत परदेशासाठी १५ लाखांची मर्यादा होती. ४ लाखांपर्यंत तारण नको, पण आई किंवा वडील सहकर्जदार हवेतच. पुढे मोठ्या रकमेला घर, जमीन, मुदतठेव. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने किंवा नोकरी लागल्यावर सुरू. योजना चांगली होती आणि तिने पुष्कळांना बाहेर नेले. पण तारण हा शब्द आला की भाड्याच्या खोलीत राहणारा हुशार मुलगा रांगेतून बाहेर पडतो. त्याच्यासाठी शिष्यवृत्तीच लागते. केंद्राची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. नाव अचूक निवडले आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलही स्वतःची मदत गुणांवर देत नाही, गरज पाहून देते, हे आपल्याकडे अनेकांना माहीत नसते. फीचा आकडा वाचूनच ते अर्ज करीत नाहीत.

जामिनाच्या प्रश्नाचे एक नवे उत्तर २००७ साली निघाले. फ्रान्समधल्या इन्सीड या संस्थेत शिकलेल्या काही जणांनी प्रॉडिजी फायनान्स ही कंपनी काढली. परक्या देशात बँका विद्यार्थ्याला दारात उभे करीत नाहीत, हा त्यांचा स्वतःचा अनुभव. त्यांनी तारण आणि सहकर्जदार दोन्ही काढून टाकले आणि विद्यार्थी पुढे किती मिळवील यावर कर्ज देऊ केले. आरंभीचा पैसा माजी विद्यार्थ्यांनी घातला. नवल भथेनांनी मैत्रीपोटी केले, तेच इथे व्याजाने होऊ लागले. व्याज अर्थातच लहान नसते.

अशा कर्जाचा हप्ता डॉलर-पौंडांत असतो, आणि मुलगा तिकडेच राहिला तर त्याचे काही बिघडत नाही. तो परत आला तर? समजा हप्ता ६०० डॉलरचा आहे. २००७ च्या अखेरीस डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता, तेव्हा पुण्यात रुपयांत पगार घेणाऱ्याला हा हप्ता २४ हजारांना पडला असता. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ च्या वर गेला. हप्ता तेवढाच, ६०० डॉलर, आणि खात्यातून जाणारी रक्कम ४० हजारांच्या पुढे.