मुळशीचं पाणी आणि मुंबईचा धूर

मागच्या रविवारी ताम्हिणीला जाताना मुळशीच्या काठावर कणसं खायला थांबलो होतो. आमच्या टीममधला एक मित्र समोरच्या पाण्याकडे बघत म्हणाला, "काही म्हण, पाण्याची वीज सगळ्यात भारी. इंधन फुकट, धूर नाही, राख नाही." माझं तोंड कणसाने भरलेलं होतं, त्यामुळे वाद टळला. पण तो 'फुकट' डोक्यात अडकून बसला, म्हणून हा शनिवार त्यावरच.

गोष्ट मुंबईत सुरू होते. गिरणगावातल्या गिरण्या तेव्हा वाफेवर चालायच्या. वाफेला कोळसा लागायचा आणि तो यायचा थेट बंगालच्या खाणींतून रेल्वेने, नाहीतर बोटीने परदेशातून. प्रत्येक गिरणीचा आपला बॉयलर, आपलं धुराडं (आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येकाचा स्वतःचा सर्व्हर!). डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईतल्या एका वास्तुविशारदाने कल्पना मांडली की सह्याद्रीत पडणारा पाऊस साठवून तो घाटाखाली सोडला तर त्यावर वीज करता येईल. जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. ते १९०४ मध्ये गेले, पण मुलांनी काम पुढे नेलं. १९१० मध्ये कंपनी, १९११ मध्ये लोणावळ्याला पायाभरणी, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू.

आता थोडं गणित, कंटाळू नका. हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली सोडलं (खोपोलीचा उतार साधारण तेवढाच) तर त्यातून जेमतेम सव्वा युनिट वीज मिळते. तेवढ्याच विजेला आजच्या औष्णिक केंद्रात पाऊण-एक किलो कोळसा पुरतो. म्हणजे घरी रोज दहा युनिटं जाळणारा माणूस पाण्याच्या हिशोबात जवळजवळ एक टँकर रिकामा करतो. मला स्वतःला हे गणित करेपर्यंत याचा पत्ता नव्हता.

आणि दुसरी अडचण म्हणजे पाऊस चार महिने, गिरणी बारा महिने. कोळशाचा ढीग गिरणीच्या आवारात मावतो. पाण्याचा ढीग कुठे घालणार? कोणाच्या तरी शेतात.

तेच मुळशीत झालं. लोणावळ्याची तळी पुरेनात म्हणून टाटांनी नीला-मुळा संगमाजवळ धरण घ्यायचं ठरवलं. पन्नासेक गावं आणि आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी कामावर सत्याग्रह केला, घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पां. म. बापटांना 'सेनापती' म्हणू लागले ते या लढ्यापासून. लढा तीनेक वर्षं चालला आणि हरला. यातली मला सगळ्यात खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. त्यांना मोबदला पटला, कसणाऱ्याला तो पटण्या-न पटण्याचा प्रश्नच आला नाही. १९२७ मध्ये खाली कोकणात भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

मग कोळसा बरा का? गिरणगावचा धूर कमी झाला खरा, पण गेला नाही, फक्त पत्ता बदलला. आज चंद्रपूरला एका ठिकाणी २९२० मेगावॅटची कोळशाची क्षमता आहे. तिथली राख मुंबई-पुण्याच्या खिडकीत येत नाही, म्हणून आपल्याला वीज स्वच्छ वाटते. अणुवीज? तारापूर १९६९ पासून आहे. जागा कमी, इंधन मूठभर, धूर शून्य, मात्र वापरलेलं इंधन पिढ्यानपिढ्या सांभाळत बसा. आणि दाभोळ विसरू नका. १९९९ मध्ये नाफ्थ्यावर ७४० मेगावॅट सुरू झाले, २००१ मध्ये बंद पडले, कारण त्या दराची वीज राज्याला झेपेना. आयात इंधनाचा दर करारात लिहून थांबत नाही.

पाण्याच्या विजेचा खरा गुण फुकटपणा नव्हे. ती काही मिनिटांत चालू होते आणि तशीच बंदही करता येते. संध्याकाळी सात वाजता सूर्य मावळतो आणि सगळ्यांचे दिवे-पंखे-टीव्ही एकदम सुरू होतात, तेव्हा कोळशाचं केंद्र इतकं चटकन हलत नाही. भिऱ्याला तर उलटीही सोय आहे, जास्तीची वीज असताना पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं. सोलर वाढतंय तसतशी ही सोय सोन्याच्या मोलाची होत जाणार.

पण एक हिशोब राहतोच. मुळशीचं पाणी मुळेतून भीमेला, तिथून उजनीला, सोलापूरकडे जायचं. आपण ते पश्चिमेला वळवून सव्वा युनिट मिळवतो आणि हजार लिटर समुद्राला देतो. युनिट दुसरीकडे सौर पॅनलवर तयार होईल, पाणी होणार नाही. दुष्काळ पडला की हे पाणी पूर्वेला सोडा अशी मागणी होते, पाऊस पडला की विसरली जाते. माझ्या मते घाटाखाली फक्त संध्याकाळच्या गर्दीपुरतं पाणी सोडावं, बाकीचं पूर्वेचं पूर्वेला. टाटांना हे आवडणार नाही :-)

असो. पुढच्या महिन्यात आमची टीम कोलाडला राफ्टिंगला चालली आहे. सकाळी लवकर पोचा, असं आयोजकांनी बजावून सांगितलंय, कारण कुंडलिकेला पाणी येतं ते भिऱ्याहून वीज करून सोडल्यावर. मी त्या मित्राशेजारी बसणार आहे.